शुक्रीने आणलेले दोन कंद

हर्षदाबाईंनी चौथीच्या वर्गात कंदीलपुष्पाचं चित्र फळ्यावर लावलं. "ही वेल आता फार थोड्या ठिकाणी उरलीय," त्या म्हणाल्या. "मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले, तलासरीचे डोंगर पालथे घातले, पण अजून मलाही दिसली नाही."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना बाईंची दया आली असावी.

दुसऱ्या दिवशी शुक्रीने सागाच्या पानाची पुडी टेबलावर ठेवली. आत दोन कंद होते, स्वच्छ धुतलेले, वेलीचा तुकडा अजून लागलेला.

"दिसलीच नाय म्हणजे तुम्ही खाल्लीपण नसंल," ती म्हणाली.

इतकी दुर्मिळ वेल मुळासकट खणून आली होती. पण समोर नखांत माती भरलेली पोर वाट बघत उभी होती. तिला रागवणार कसं?

"कुठून आणलेस गं?"

"आमच्या नागलीच्या शेताच्या वर. तीन वेली हुत्या."

"मीठ लावून खा, बाई," मागून रघ्याने सल्ला दिला.

"तिसरीचं काय केलंस?"

"ती कशी काढणार?" शुक्रीला प्रश्नच कळेना. "तिला शेंगा हायत. पोटुशीला कुणी हात लावतं का? शेंगा फुटून बी उडालं का मग काढायची."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनाच माहीत हाय."

"बाईंना नाय माहीत," रघ्या म्हणाला आणि वर्ग हसला. बाईही हसल्या, पण जीव त्या तिसऱ्या वेलीतच अडकला होता.

शाळा सुटल्यावर त्या शुक्रीबरोबर टेकडी चढल्या. कारवीच्या काठीला वेढे घालून वेल उभी होती. बकरीच्या शिंगांसारख्या शेंगांच्या चार जोड्या, अजून हिरव्या. बाई गुडघ्यांवर बसून कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी एक कंद शुक्रीने खणलेल्या खड्ड्यातच ठेवून वर माती लोटली.

"आणि हा?" दुसरा कंद पुढे करत शुक्रीने विचारलं. आवाज जरा पडला होता.

बाईंनी तो घेतला, पदराला पुसला आणि तिथेच चावला. करकरीत, पाणीदार.

"गोड आहे गं."

शुक्रीचा चेहरा खुलला. "मीठ लागतच नाय," ती म्हणाली. "रघ्याला काय कळतं."