वारेनुसच्या आजोबांचं चरित्र

रोमनांच्या अमलाखालच्या एका ग्रीक गावात राहणाऱ्या ओनासिमोसनं उभं आयुष्य थोरामोठ्यांची चरित्रं लिहिण्यात घालवलं. एका ग्रीकाला एक रोमन, अशी जोडी लावायची ही त्याची रीत. लढायांत मात्र त्याला काडीचा रस नव्हता. माणूस कशाला हसतो आणि कशाला घाबरतो हे कळलं की माणूस कळला, असं तो म्हणायचा. म्हणूनच रोमन अधिकारी वारेनुस जेवायला येणार म्हटल्यावर त्याच्या बायकोनं, मेलित्तानं, त्याला आधीच दम भरला.

“अहो, आज भलतंसलतं विचारू नका. झरा त्याच्या हातात आहे.”

खरंच होतं ते. गावच्या एकुलत्या एका झऱ्याचं पाणी वारेनुसला आपल्या नव्या स्नानगृहाकडे वळवायचं होतं.

सरोवरातली वाम मासळी चाटूनपुसून खाल्ल्यावर वारेनुस मुद्द्यावर आला. “माझ्या आजोबांचं चरित्र लिहा. जोडीला तुमचा एखादा मोठा सेनापती घ्या. मग झऱ्याला हात लावत नाही.”

ओनासिमोस खुलला. “लिहीन की. आजोबा घाबरायचे कशाला?”

दाराआड मेलित्तानं कपाळावर हात मारला.

वारेनुसनं भुवया चढवल्या. पण द्राक्षासवात आज पाणी कमी पडलं होतं. “हंसांना,” तो हळूच म्हणाला. “आमच्या रोममध्ये हंसांची पालखी निघते ना, शत्रू आला तेव्हा रात्री ओरडून त्यांनी शहर वाचवलं म्हणून? आजोबांना पुढे चालायचा मान. तर हे आजीच्या पाठीमागे! आम्हा पोरांना अंजिरं द्यायचे, त्यांच्याभोवती कडं करून उभं राहायला.” हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“सुरुवात इथूनच करतो,” ओनासिमोस मनापासून म्हणाला.

वारेनुसचं हसू मावळलं. “हे रोममध्ये वाचतील?”

“तिकडेच तर जास्त वाचतात मला.”

“धमकी देता होय मला? ठेवा तुमचा झरा. पण शपथ घ्या, आजोबांवर एक अक्षर लिहिणार नाही.”

ओनासिमोस चक्रावला. धमकी कसली, त्याला तर म्हातारा आवडला होता. तसं सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोच दाराआड मेलित्ता जोरात खोकली. खरं सांगावं तर झरा जाणार. जन्मभर खऱ्याचा आग्रह धरलेल्या माणसानं तोंड मिटलं आणि देवांची शपथ घेतली.

सकाळी झऱ्यावरच्या बायका त्याला भरभरून आशीर्वाद देत होत्या.

“आता का तोंड पाडून बसलात?” मेलित्तानं विचारलं.

“अगं, माझे सगळे वीर एकीकडे आणि तो म्हातारा एकीकडे,” तो म्हणाला. कधी न पाहिलेल्या त्या माणसासाठी त्याचा जीव तुटत होता.