पाचवी रेघ

गाडीचा मीटर मागे फिरवणारे मेकॅनिक गल्लोगल्ली सापडतील. किलोमीटर कमी दिसले की जुनी गाडी पटकन विकली जाते. मी चाळीस वर्षांत तसलं काम एकदाही केलं नाही. कुणी गोड बोलून विचारलं, तर त्याला पान्ह्याच्या टोकाने दरवाजा दाखवला. पण मीटर पुढे मात्र मी फिरवलाय. एकदाच. ८,४१० किलोमीटर पुढे. असला गाढवपणा करणारा मी एकटाच असेन.

गाडी सावाडा कंपनीची. ही जपानी कंपनी आधी पाण्याचे पंप बनवायची, मग तीनचाकी टेम्पो, आणि मग या छोट्या गाड्या. आमच्याकडे पहिला लॉट बोटीतून उतरला तेव्हा लोकांनी तिला काड्यापेटी म्हणून नावं ठेवली. दार लावलं की रिकामा डबा आपटल्यासारखा आवाज यायचा. पुढच्या सीट इतक्या जवळ, की नवराबायकोने अबोला धरला तरी खांद्याला खांदा लागायचाच. सोबत एक पुस्तिका मिळायची, तिचं भाषांतर कुणी केलं होतं देव जाणे. ‘थंड इंजिनावर रागावू नये’ असं त्यात छापलं होतं. लोक ते वाक्य एकमेकांना वाचून दाखवायचे आणि पोट धरून हसायचे. दहा वर्षांनी हसणाऱ्यांच्या गाड्या भंगारात गेल्या आणि काड्यापेट्या पळतच राहिल्या. मला विचाराल तर त्यात जादूबिदू काही नव्हती. प्रत्येक नट हात पोचेल अशा जागी होता, एवढंच. ज्याने ती गाडी आखली, त्याने दुरुस्त करणाऱ्याच्या बोटांचा विचार केला होता. आजकालच्या गाड्यांत साधा दिवा बदलायचा तर अर्धं तोंड उसकटावं लागतं.

माझ्याकडे अशा दोन काड्यापेट्या अगदी पहिल्यापासून येत. एक पांढरी, नर्सबाईंची. त्या गावोगाव बाळंतपणं करायला जायच्या. त्या गाडीत दोन बाळं जन्मलीही होती, आणि मागच्या सीटचं कव्हर त्यांनी स्वतःच्या हाताने तीनदा शिवलं होतं. दुसरी निळी, मोजणीसाहेबांची.

मोजणीसाहेब जमीन मोजणीच्या खात्यात होते. माणूस असा, की चहात साखर टाकतानाही चमचा डोळ्यांसमोर आडवा धरून बघायचा. गाडीत पुढच्या कप्प्यात एक वही. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, मीटर, लिटर आणि शेवटी शेरा. ‘डाव्या चाकात हवा कमी.’ ‘घाटात चोक अडकला.’ ‘हिने खिडकी उघडी ठेवली.’ गाडी त्यांनी कुणाला चालवायला दिली नाही. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींनाही नाही. वहिनींकडे लायसन्स होतं, त्याचं नूतनीकरणही त्या दर वेळी न चुकता करायच्या. “गाडी दारात आणि लायसन्स कपाटात,” असं त्या हसत म्हणायच्या, पण त्या हसण्याला धार असायची.

या गाडीचा मीटर पाच आकडी. ९९,९९९ झाले की पुन्हा सगळी शून्यं. साहेबांची पद्धत अशी, की लाख पुरे होत आले की कुठेही असोत, शून्यं जुळली त्या क्षणी गाडी बाजूला घ्यायची. सगळ्यांनी खाली उतरायचं. साहेब कप्प्यातून खडू काढून पुढच्या चाकाखाली रस्त्यावर फुली मारायचे, जमीन मोजताना खूण करतात तशी. मग बॉनेट उघडून आतल्या बाजूला बारीक ब्रशाने एक पांढरी रेघ ओढायची, थर्मासमधला चहा प्यायचा आणि पुढे निघायचं. अशा चार रेघा झाल्या होत्या. पट्टी लावल्यासारख्या सरळ.

पाचव्या लाखाला साडेआठ हजार उरले असताना साहेबांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, आणि वहिनींना बाजूला घेऊन वर्षभराच्या आतलीच मुदत सांगितली. एका सोमवारी दुपारी वहिनी चालत गॅरेजला आल्या.

“मिस्त्री, काल हे गाडीत नुसते जाऊन बसले होते,” त्या म्हणाल्या. “मीटरकडे बघून म्हणाले, पाचव्यांदा शून्यं जुळणं काही आपल्या नशिबात नाही. तुम्ही काही करू शकता का?”

“वहिनी, साहेबांना शेजारी बसवून मी तेवढे किलोमीटर गाडी हाणायची म्हटली, तर त्यांचं हृदय...”

“गाडी हाणायची नाही. आकडे हाणा.”

मी आधी कानांवर हात ठेवले. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गाडी सर्व्हिसिंगला पाठवा म्हणालो. तीन दिवस ठेवून घेतली. मीटर बाहेर काढला, काच उतरवली आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने एकेक चाक पुढे सरकवलं. ९१,५८६ होते, ते ९९,९९६ केले.

गुरुवारी मी गाडी चालवायला, साहेब बाजूला, वहिनी मागे थर्मास घेऊन. “अहो, बघा तर, मीटर कुठे आलाय! तुमच्या लक्षात तरी होतं का?” वहिनी म्हणाल्या. नाटक त्यांना मुळीच जमत नव्हतं. साहेबांनी चष्मा लावून मीटर पाहिला. बराच वेळ पाहिला. मग ते म्हणाले, “अरे वा. चला, मिस्त्री.”

चौथ्या किलोमीटरला शून्यं जुळली. मी गाडी बाजूला घेतली. साहेबांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या, लहान मुलासारख्या. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मी कप्प्यातून खडू काढून त्यांच्या पुढे धरला.

“नको,” ते म्हणाले. “वाकता येत नाही आता.”

“मी मारतो फुली.”

“राहू दे. रेघ मात्र तू ओढ.”

मी ओढली. जरा वाकडीच आली. मग कधीमधी मी साहेबांना गाडीतून फिरवून आणायचो. सात महिन्यांनी ते गेले.

ही झाली चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून गाडी वहिनींच्या दारात, आणि बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून मी तिला एक चक्कर मारून आणायचो. यंदा वहिनींनी घर सोडायचं ठरवलं. मुलीकडे जायचं, तीनशे ऐंशी किलोमीटरवर, चौथ्या मजल्यावर. “आई, इथे गाडी लावायला जागा नाही, आणि ती चालवणार कोण?” मुलगी म्हणाली. बरोबरच होतं तिचं. तेवढ्यात सावाडा कंपनीने पत्रक काढलं. इथे पहिली गाडी विकल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून मूळ मालकाच्याच घरी असलेली, मूळ इंजिनावर सगळ्यात जास्त चाललेली गाडी कंपनी आपल्या दालनात कायमची ठेवणार. शेजारी मालकाच्या नावाची पाटी. वहिनींनी ते पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं.

“नाहीतर भंगारवाला आहेच,” त्या म्हणाल्या. “मिस्त्री, ती चेपून ठोकळा केलेली मला बघवणार नाही.”

“मीटर खोटा आहे, वहिनी.”

“आठ हजारांनी. पाच लाखांत आठ हजार म्हणजे काय मोठंसं?”

खरं सांगायचं तर मलाही ती गाडी भंगारात जायला नको होती. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत एवढी मायेने वागवलेली दुसरी नव्हती. मी फॉर्मवर आकडा लिहिला: ५,००,६४०.

तपासणी माझ्याच गॅरेजात ठरली, कारण सगळ्यात मोठ्या आकड्यांचे दोन्ही फॉर्म माझ्याकडचेच होते, निळ्या गाडीचा आणि नर्सबाईंच्या पांढरीचा. आदल्या दिवशी गाडी धुताना वहीची आठवण झाली आणि माझं धाबं दणाणलं. वहीत मी मीटर सरकवण्याआधीचे आकडे असणार. पेट्रोल भरलं तेव्हा एक्याण्णव हजार, आणि पुढच्याच ओळीत शून्यावर. शाळकरी पोरालाही कळेल. कप्पा उघडला. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून ठेवलेली. ती काढून कुठेतरी दडवावी असं एकदा वाटलं. पण साहेबांनी लावलेलं ते रबर काढायची माझी छाती झाली नाही. कप्पा बंद केला.

कंपनीची तपासनीस तरुण होती, हातात टॉर्च आणि गळ्यात ओळखपत्र. आधी तिने नर्सबाईंची पांढरी गाडी पाहिली. मीटर, इंजिनावरचा नंबर, माझ्याकडच्या सर्व्हिसच्या पावत्या. ४,९६,३१८. सगळं चोख. मग ती निळ्या गाडीत बसली आणि वही घेऊन वाचू लागली.

नर्सबाई वहिनींजवळ आल्या आणि त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला. “पाच लाखांपुढे माझं काय चालणार! पण हरायचं तर तुमच्या साहेबांकडूनच. एकदा पावसात माझी गाडी बंद पडली होती, तेव्हा दोरीने ओढून आणणारे तेच होते.”

वहिनींनी मान खाली घातली. माझ्याच्याने ते बघवेना. या बाईने आयुष्यभर खाचखळग्यांतून एकेक किलोमीटर कमावला होता, आणि मी तिला स्क्रूड्रायव्हरने हरवत होतो.

“थांबा,” मी तपासनीसबाईंना म्हणालो. “निळ्या गाडीचा आकडा खोटा आहे. मी सरकवलाय. वहिनींचा यात काही दोष नाही.”

“मीच सांगितलं होतं त्यांना,” वहिनी लगेच म्हणाल्या. “उगाच सगळं स्वतःवर घेऊ नका, मिस्त्री.”

नर्सबाई आमच्याकडे टकमक बघत राहिल्या. तपासनीसबाई गाडीतून उतरली. तिचं बोट वहीच्या एका पानात होतं.

“मला कळलं होतं,” ती म्हणाली. “इथे लिहिलंय.”

तिने वही वहिनींच्या हातात दिली. वहिनींना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून मी वाचलं. त्या गुरुवारची तारीख. अक्षर थोडं हललेलं, पण रांग सरळ.

‘मीटर ००,०००. खरे ४,९१,५९०. मिस्त्रीने पुढे सरकवले आहे. काम स्वच्छ. हिच्या सांगण्यावरून असणार. मला समजले हे हिला कळू देऊ नये. फार खूश होती. फुली मारली नाही.’

त्या खालच्या प्रत्येक ओळीत दोन आकडे होते. मीटर आणि खरे. शेवटच्या महिन्यापर्यंत.

वहिनी गॅरेजच्या पायरीवर बसल्या. “म्हणजे टाळ्या...” त्या म्हणाल्या. “टाळ्या माझ्यासाठी वाजवल्या होय हो.” आणि रडायला लागल्या. नर्सबाई त्यांच्या शेजारी टेकल्या. मी उगाचच बॉनेट उघडून आत डोकं घातलं. समोर चार सरळ रेघा आणि माझी वाकडी. फुली का मारली नाही ते मला आत्ता कळत होतं. जन्मभर जमीन मोजलेला माणूस, खोट्या जागी खूण कशी करेल? वाकता येत नाही म्हणाला, आणि मी गाढवाने मान डोलावली.

तपासनीसबाईने पांढऱ्या गाडीच्या कागदावर सही केली आणि निळ्या गाडीचा फॉर्म परत माझ्या हातात दिला. भली मुलगी. नर्सबाईंनी तिला लगेच बजावलं, की दालनात सीटचं कव्हर बदलायचं नाही.

त्या दोघी गेल्यावर मी चिंधीवर थिनर ओतलं आणि बॉनेटकडे वळलो.

“काय करताय?” वहिनींनी विचारलं.

“पाचवी रेघ पुसतो. खोटी आहे.”

“तिला हात लावू नका.” त्यांनी नाक पुसलं. “खरे पाच लाख व्हायला किती राहिले?”

मी बोटांवर हिशेब केला. “सात हजार सातशे सत्तर.”

वहिनींनी पर्समधून चष्मा काढून लावला, मग लायसन्स काढलं, त्याच्यावरची तारीख पाहिली आणि परत ठेवलं. मग फिरून ड्रायव्हरच्या बाजूला गेल्या. सीट मागे सरकलेली होती, साहेबांच्या उंचीची. त्यांनी खालचा दांडा चाचपला, सीट पुढे ओढली आणि आरसा आपल्या बाजूला वळवला. इतक्या वर्षांत त्या आरशाला साहेबांखेरीज मीच काय तो हात लावला होता.

“मुलीला फोन करते. सामान ट्रकने जाऊ दे, मी गाडीने येतेय म्हणून सांगते. लावीन रस्त्यावर. पण आधी आठ दिवस तुम्ही शेजारी बसून मला शिकवायचं. बसा.”

मी बसलो. त्यांनी किल्ली फिरवली. थंड इंजिन खोकलं, बंद पडलं. दुसऱ्यांदाही बंद पडलं.

“रागवायचं नाही,” मी म्हणालो. “पुस्तिकेतच लिहिलंय.”

तिसऱ्यांदा लागलं. गाडी गचके खात गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडली. कोपऱ्यावर थांबून वहिनींनी माझ्यापुढून हात लांब करून कप्पा उघडला, आत चाचपून पाहिलं आणि बंद केला.

“खडू आहे,” त्या म्हणाल्या, आणि डावीकडे वळल्या.