लूकच्या पंधराव्या अध्यायावरची भाष्यं

माझ्या घरात बाबांच्या पुस्तकांसाठी चार फूट फळी आहे, त्याहून एक इंचही जास्त नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली होती. शनिवारी सकाळी चर्चचा पाळकनिवास रिकामा करायला गेले, तर बायबलवरच्या भाष्यांचे ढीग छातीपर्यंत आलेले आणि मधोमध स्टुलावर बाबा. चाळीस वर्षं मंडळीची सेवा करून ते निवृत्त झालेले, सोमवारी नवे पाळक राहायला येणार, आणि खोक्यात एक पुस्तक गेलेलं नाही. आठवडाभर एक्स-रे विभागात उभं राहून माझे पाय भरून आले होते. भांडायचं मनात होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

"निवड करतोय," ते म्हणाले.

त्यांची निवडीची पद्धत मला लहानपणापासून ठाऊक. प्रस्तावना वाचायची नाही, लेखकाच्या पदव्या बघायच्या नाहीत. बायबलातली एक अवघड जागा धरायची आणि तिथे भाष्यकार काय करतो ते बघायचं. थांबून भिडला तर पुस्तक ठेवायचं, अंग चोरून पुढे सटकला तर काढून टाकायचं. तरुण पाळकांनाही ते हेच शिकवत.

"आज कुठली जागा धरलीय?"

"लूकचं शुभवर्तमान, पंधरावा अध्याय."

उधळ्या पुत्राचा दाखला, येशूने सांगितलेली गोष्ट. मी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. आठ वर्षांपूर्वी आमचा धाकटा भाऊ जेवताना म्हणाला होता, की आता त्याचा देवावर विश्वास उरलेला नाही. बाबा म्हणाले होते, "हे घर देवाचं आहे. तुझं नाही." तो त्याच संध्याकाळी गेला. आईच्या दफनविधीला आला, मागच्या बाकावर बसला आणि मागच्या मागे निघून गेला. बापलेकांत तेव्हापासून एक शब्द नाही. दोघांची खुशाली एकमेकांना कळवायचं काम मात्र माझ्या गळ्यात पडलं, आणि मला त्याचा मनापासून कंटाळा आला होता.

"त्यात काय अवघड आहे?" मी म्हटलं. "पैसा उधळून डुकरांच्या शेंगा खायची पाळी आलेला मुलगा परत येतो, बाप धावत जातो, बोटात अंगठी घालतो, मेजवानी होते. झालं."

"त्याच्या आधीचे दोन दाखले बघ. मेंढरू हरवलं, मेंढपाळ शोधत गेला. नाणं हरवलं, बाईनं दिवा लावून घर झाडलं. मुलगा हरवला, तर बाप घरीच." त्यांनी एक जाडजूड खंड मिटला. "का नाही गेला शोधायला? हे गृहस्थ डुकरं आणि शेंगांवर नऊ पानं लिहितात. दुसरे अंगठीवर घसरतात. हे तिसरे म्हणतात, बापाने मुलाच्या स्वातंत्र्याचा मान राखला."

"मग तेच ठेवा. उत्तर तरी दिलंय."

"हे उत्तर मी आठ वर्षं देतोय. दोनदा तर व्यासपीठावरून दिलं." बाबांनी चष्मा काढला. "मी मानबिन काही राखत नव्हतो गं. फुगून बसलो होतो."

मला दया यायला हवी होती. आला राग. हे एक वाक्य आईच्या हयातीत बोलले असते तर ती सुखाने गेली असती.

"आणि आता पुस्तकांत काय शोधताय?"

"कुणीतरी लिहिलं असेल ना, की अशा बापाने काय करावं."

"बाबा, तो इथून बसने चाळीस मिनिटांवर राहतो. तिथे जायला बायबलचं मूळ ग्रीक यावं लागत नाही."

मी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात कोंबला. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. मी दमले होते, एवढंच.

"बोल ताई," धाकटा म्हणाला.

भरल्या मंडळीपुढे कधी न अडखळलेल्या माणसाने दोनदा घसा खाकरला. "मी बोलतोय. इथे पुस्तकं फार झालीत रे. तुला... काही भाष्यं हवीत का?"

मी कपाळावर हात मारला.

"आठ वर्षांनी फोन," धाकटा म्हणाला, "आणि भाष्यं? मला? मी काय करू त्यांचं?"

"काही नाही. मलाही त्यांचा उपयोग झाला नाही." बाबांनी फोन तोंडाजवळ नेला. "मी तुला शोधत यायला हवं होतं. आलो नाही. चुकलो. आता आलो तर दार उघडशील?"

धाकटा म्हणाला, "तीन मजले आहेत, बाबा. लिफ्ट नाही. तुमचे गुडघे... थांबा तिथेच, मी येतो."

"नाही!" बाबा जवळजवळ ओरडलेच, आणि ढीग ढकलत उठून उभे राहिले. "तू हलू नकोस. मीच येणार."