बरा झालेला नवरा

शिंप्याला झोप लागायची उजाडताना आणि जाग यायची दुपार कलल्यावर. लहानपणापासून त्याने यावरून बोलणी खाल्ली होती. बायको बस चालवायची, सकाळच्या पहिल्या पाळीला. ती बूट घालायची तेव्हा हा अंथरुणात शिरायचा. हा दुकान उघडायचा तेव्हा ती पेंगायला लागायची. संसार इतका सुरळीत, की नातेवाईक उदाहरण द्यायचे.

एकदा एका गिऱ्हाइकाने घाई करून त्याला सकाळीच मशीनवर बसवलं. त्याने पँटला तीन पाय शिवले आणि तिन्हींना इस्त्री करून दिली. गिऱ्हाईक सभ्य होतं. पँट घालून म्हणालं, "कंबर मात्र बरोबर बसली."

बायकोने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"हा आळस नाही," बाई म्हणाल्या. "शरीरातलं घड्याळ मागे पडलंय. संध्याकाळी मेलाटोनिनची गोळी घ्या, उठल्यावर प्रखर दिव्यासमोर बसा. गोळी कधी घेता, यावर सगळं आहे."

झोप हळूहळू अलीकडे सरकली. एका सकाळी बायको चहा ओतत होती, तर नवरा ताजातवाना समोर.

"अगं, एवढी साखर?"

मग तो तिच्या गणवेशाच्या कॉलरवर बोलला, केसांच्या पिनांवर बोलला, बस कुठल्या वळणावर हळू घ्यावी यावरही बोलला. त्याला बस चालवता येत नव्हती. आठवडाभर हेच. शेवटी ती त्याला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेली.

"ह्यांची गोळी बंद करा."

"का? बरे झालेत की."

"तेच तर. बरा माणूस फार बोलतो."

बाईंनी विचार केला. "गोळी थोडी उशिरा दिली, तर जागही उशिरा येईल. सकाळी नवरा किती वेळ चालेल तुम्हाला?"

"पाच मिनिटं."

"अगं, निदान चहा संपेपर्यंत तरी," शिंपी हळूच म्हणाला. तो दुखावला होता.

घासाघीस होऊन पंधरा मिनिटांवर सौदा ठरला. बाईंनी गंभीरपणे गोळीची नवी वेळ लिहून दिली आणि ती लागूही पडली.

महिन्याभराने बायकोचा दवाखान्यात फोन आला.

"बाई, ह्यांना जरा लवकर उठवता येईल का?"

"काय झालं?"

"आमचं भांडण अर्धवट राहतंय रोज. आणि काल मी जिंकत होते."