शेपटीचा मासा

"ह्या मासलीची शेपटी कोनी कापली रं?"

सुगंधाबाईंनी असं विचारलं आणि विश्राम पेंटरचा ब्रश हवेतच थांबला. बोईसरला कारखान्यांच्या रस्त्यावर त्यांच्या सुनेची, किंजलची, चायनीजची गाडी आज संध्याकाळी सुरू व्हायची होती. सातपाटीचा ताजा मासा ही गाडीची खासियत, म्हणून पाटीवर 'मासा' हे चिनी अक्षर हवंच, हा किंजलचा हट्ट. विश्रामने ते मोबाइलवर बघून लाल रंगात उतरवलं होतं.

"मावशी, ते अक्षर हाय. अक्षराला कुठं शेपटी असते?"

"ह्याला असते. खाली चार ठिपके पायजेत. तू आपली एक रेघ मारून मोकला झालास."

किंजलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूला बसची पाटी वाचता येत नाही हे सगळ्या आळीला ठाऊक, आणि आता ती चिनी वाचायला निघाली होती!

"आई, राहू द्या ना," ती हळूच म्हणाली. "लोक हसतील."

ते सुगंधाबाईंना लागलं. फार लागलं. मासळी गोठवायच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी खोक्यांवर लेबलं चिकटवली होती. परदेशी जाणाऱ्या मालावर हेच अक्षर असायचं. एकदा तिकडून माल तपासायला आलेल्या बाईने बोट फिरवून, हातवारे करून त्यांना ते समजावलं होतं: वर डोकं, मधे खवले, खाली शेपटी. फार पूर्वी तिकडच्या लोकांनी माशाचं चित्र काढलं आणि त्याचंच पुढे अक्षर झालं. सबंध आयुष्यात सुगंधाबाईंना वाचता आलेलं हे एकच अक्षर, आणि तेही त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"शेपूट तुटलेली मासली मी कदी खोक्यावर चिकटवली नाय," त्या म्हणाल्या. "तुजी गाडी तू बघ." आणि पिशवी उचलून रिक्षा स्टँडकडे चालू लागल्या.

विश्राम तोवर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. "किंजल, मावशी बरोबर हाय गं! मी काढलं ते नवं, सोपं केलेलं. जुन्याला चार ठिपके हायत. दोनी चालतात."

किंजल धावत गेली आणि तिने सासूचा हात धरला. "आई, चुकलं माझं. चला, शेपटी तुम्हीच काढा."

विश्रामने खालची रेघ पुसून ब्रश पुढे केला. सुगंधाबाईंना ब्रश धरायची सवय नव्हती, रंग ओघळला. त्यांनी ब्रश बाजूला ठेवला, अंगठा रंगात बुडवला आणि पाटीवर चारदा दाबला. आजवर अंगठा उठवताना त्यांची मान खाली जायची. आज त्या प्रत्येक ठिपक्याला मागे सरून, मान वर करून बघत होत्या.

संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, एक कामगार. पाटीकडे बघत त्याने विचारलं, "भाभी, ये क्या लिखा है?"

किंजलने कढईवरून नजरही उचलली नाही. "माँजी से पूछो," ती म्हणाली. "पढ़ना उनको आता है."