ओस्वाल्दोचं मौन

ब्वेनोस आइरेसमध्ये ज्याला थेरपिस्ट नाही त्याच्याकडे लोक जरा संशयानेच बघतात. आईला आहे, मला आहे, मी सोडलेल्या नवऱ्याला आहे. आमच्या केस कापणाऱ्या बाईलाही आहे, आणि कात्री चालवता चालवता ती त्याची मतं आमच्या डोक्यात घालते. नाही तो फक्त बाबाला. बाबाने, म्हणजे ओस्वाल्दोने, जन्मभर शहरात बस चालवली. "लोकांची इतकी रडगाणी ऐकलीत, आता स्वतःचं कुणाला ऐकवत बसू?" असं त्याचं म्हणणं.

माझा भाऊ लेआन्द्रो दोन वर्षांपूर्वी बायको आणि लेकीला घेऊन स्पेनला गेला, वालेन्सियाला. जायच्या आदल्या दिवशी भरल्या ताटावर बाबा त्याला 'पळपुटा' म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी विमानतळावर आलाच नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आई बिचारी मधल्या मध्ये निरोप्या. मग गेल्या महिन्यात नातीने, रेनाताने, व्हिडिओवर आईला विचारलं, "आजी, तुझ्या मागून सारखे जातात ते काका कोण?" ते काका म्हणजे तिचा सख्खा आजोबा. आईने फोन ठेवला, भांडी घासता घासता पोटभर रडून घेतलं आणि जाहीर केलं, की आता सगळ्यांनी मिळून ऑनलाइन थेरपी घ्यायची.

कुणाचा थेरपिस्ट घ्यायचा यावरून आमच्यात महाभारत झालं. शेवटी कुणाचीच नसलेली एक बाई सापडली, लिडिया ग्रिन्बर्ग. तिचं अर्धं गिऱ्हाईक विमानात बसून स्पेनला गेलं होतं, म्हणून तीही त्यांच्या मागोमाग पडद्यावर आली होती. बाबाने एकच अट घातली. रविवारी दुपारी तो शेगडीपासून हलणार नाही. "निखाऱ्यावर मांस टाकलं की साक्षात देव आला तरी मी उठत नाही," तो म्हणाला.

म्हणून बाबा मागच्या अंगणात, मिठाच्या डब्याला फोन टेकवून. आई आणि मी स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर. लेआन्द्रो वालेन्सियात आणि लिडिया तिच्या पुस्तकांसमोर.

"ओस्वाल्दो," लिडियाने मधाळ आवाजात सुरुवात केली, "आज इथे बसून काय वाटतंय?"

"कोळसा दमट निघाला," बाबा म्हणाला.

लेआन्द्रोने घसा साफ केला. "बाबा, तू विमानतळावर का नाही आलास?"

बाबाने हनुवटीला हात लावला, मान जरा खाली घातली आणि चक्क गप्प बसला. जो माणूस समोरच्याचं वाक्य तिसऱ्या शब्दाला तोडतो तो गप्प! मी काही बोलणार तेवढ्यात लिडियाने बोट वर केलं. "या मौनाला जागा देऊ या."

आता आमच्या घरात मौन म्हणजे देव्हाऱ्यातली गोष्ट. आई वर्षानुवर्षं कोचावर पडून थेरपिस्टचं मौनच ऐकत आली आहे. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. लेआन्द्रो बोलत गेला. रांगेत उभं राहून तो प्रत्येक पांढऱ्या केसांच्या माणसाकडे बघत होता. बायको म्हणत होती, चल आता. "मी इतका नालायक आहे का रे, की तुला माझी पाठसुद्धा बघवली नाही?" असं म्हणून माझा दाढीवाला भाऊ हुंदके द्यायला लागला. बाबा तसाच, हनुवटीला हात. मला वाटलं, अखेर या माणसाला पाझर फुटला.

आईला ते बघवेना. सॉसेजसाठी भांडं हवं असेल असं काहीतरी पुटपुटत ती अंगणात गेली. बऱ्याच वेळाने परत आली ती रिकामं भांडं घेऊन, आणि एक अक्षर बोलली नाही. आई बोलत नाही म्हटल्यावर मला धडकीच भरली.

तेवढ्यात दार ढकलून बाबा आत आला. पडद्यावरचा बाबा अजून हनुवटीला हात लावून बसलेला, आणि दारातला बाबा ताटभर मांस घेऊन उभा.

"झालं एकदाचं," दारातला म्हणाला. "सगळं बोलून टाकलं. तुमची ही थेरपी काही वाईट नाही बुवा. एकानेही मध्ये तोंड घातलं नाही."

"बोललास? कधी?" लेआन्द्रोने विचारलं.

"आत्ता! तू काय डोळे वटारून ऐकत होतास!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंगणात वायफायची बोंब. इकडे बाबा गोठला, तिकडे आम्ही गोठलो, आणि बापलेक एकमेकांच्या फोटोपुढे मन मोकळं करून बसले.

"हे फार सूचक आहे," लिडिया म्हणाली.

"परत सांग ना," लेआन्द्रो म्हणाला.

"मी काय टेपरेकॉर्डर आहे? तू सांग."

"मलाही परत नाही जमणार."

दोघांनी तोंडं मिटली. आता ही मिटलेली तोंडं उघडायला पुन्हा दोन वर्षं जाणार आणि रेनाता या माणसाला काकाच म्हणत मोठी होणार, हे मला लख्ख दिसलं. पडद्यावरचा आणि दारातला, दोन्ही बाबांना उचलून निखाऱ्यावर टाकावं इतका राग आला.

"मी ऐकलंय तो काय म्हणाला ते," आई शांतपणे म्हणाली. "म्हणाला, गाडी बंद पडली म्हणून आलो नाही."

"काय?" बाबा ओरडला.

"आणि टीव्हीवर मॅच होती म्हणाला."

"नेलिदा! खोटारडे!" बाबाने ताट माझ्या मांडीवर आदळलं. "गाडी पहाटेच काढली होती मी! यांच्या आधी पोचलो होतो!"

"कुठे?" लेआन्द्रोने विचारलं.

"विमानतळावर, आणखी कुठे! पार्किंगमध्ये बसून होतो."

"मग आत का नाही आलास?"

"कुठलं तोंड घेऊन येऊ? आदल्या दिवशी काय बोललो होतो तुला!" बाबाचा आवाज चिरकला. "मग कुंपणापाशी उभा राहिलो. तुझं विमान कुठलं ते कळेना. दिसेल त्याला हात करत होतो. त्यातली निम्मी ब्राझीलला गेली असतील."

लेआन्द्रो रडता रडता हसायला लागला. "आणि मी आत पोरीला खांद्यावर घेऊन फिरत होतो. तुला लांबून दिसावी म्हणून."

बाबा लॅपटॉपवर इतका वाकला की पडद्यावर नाक टेकलं. "आत्ता कुठंय ती?"

"आतल्या खोलीत. थांब, बोलावतो. रेना..."

"आज इथेच थांबू या," लिडिया म्हणाली. जरा कुठे ऊब आली की आमच्या देशातले समस्त थेरपिस्ट हेच म्हणतात. पडदा काळा झाला.

बाबाने लिडियाच्या आईचा उद्धार केला तो शेजारच्या गल्लीपर्यंत गेला असेल. मग धावत अंगणात जाऊन फोन आणला आणि स्वतः, दोन वर्षांत पहिल्यांदा, लेआन्द्रोचा नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला. पुन्हा एंगेज.

"बाबा, तोही तुलाच लावतोय!" मी ओरडले. "ठेव फोन!"

"त्याने ठेवावा. बाप कोण आहे?"

आई माझ्या मांडीवरच्या ताटातला एक तुकडा उचलून खाऊ लागली. फोनमधला टूं टूं आम्हाला तिघांनाही ऐकू येत होता. उभ्या आयुष्यात एकाही टॅक्सीला पुढे जाऊ न देणाऱ्या माझ्या बापाने फोन कानापासून काढला, कट केला आणि टेबलावर ठेवला.

लगेच वाजला.

"बोल," बाबा म्हणाला. "आणि मी मध्ये मध्ये बोललो तर बोलू दे."