काळ्या कापडावरचा पंजा

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडक्यांवर जाड सतरंज्या ठोकून भर दुपारी अंधार केला होता आणि त्या अंधारात शे-दीडशे माणसं एकमेकांच्या घामाचा वास घेत उभी होती. पुढच्या टेबलावर बसड्रायव्हरचा काळा कोट पालथा पसरला होता.

"लेकरांनो, डोळे उघडे ठेवा आणि शंका मिटून घ्या," दिवाताई मधाळ आवाजात म्हणाल्या. "काळी करणी काळ्याच कापडावर उतरते. पांढऱ्याला ती भिते. विज्ञानाला हे कळायला अजून तीनशे वर्षं आहेत."

त्यांनी हातातला जांभळा दिवा लावला. कोटाच्या पाठीवर निळसर पांढरा पंजा पेटून उठला. तळवा, अंगठा, बोटं, सगळं स्वच्छ.

"अगं बाई!" कुणीतरी किंचाळलं. ड्रायव्हर मटकन खाली बसला, तोही नेमका दुखऱ्या गुडघ्यावर.

"गुडघा दुखतो ना रे तुझा? आता तू विचारशील, पंजा पाठीवर मग दुखणं गुडघ्यात कसं? करणी पाण्यासारखी असते बाळा. वरून खाली उतरते."

बाळ पन्नाशीचं होतं आणि त्याने काहीही विचारलं नव्हतं. विचारण्याची त्या हॉलमध्ये पद्धतच नव्हती. पंजा निघाला की अकरा बैठका, अकरा बाटल्या उताऱ्याचं पाणी आणि तोंडाला कुलूप.

दाराशी चेटकीण उभी होती. तिचं लक्ष पंजाकडे नव्हतंच. पहिल्या रांगेत इस्त्रीवाली बसली होती आणि दिवाताईंचा डावा हात तिच्या खांद्यावर होता. तो तिथे किती वेळ होता, हे चेटकीण मोजत होती.

चेटकीण हे तिचं गावात पडलेलं नाव. ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बाटलीत दोन थेंब टाकले की पाणी गुलाबी व्हायचं, आणि न पिता ती सांगायची की ही विहीर बंद करा. लोक विहीर बंद करायचे आणि तिला नावं ठेवायचे. सगळ्यात आधी हे नाव दिलं होतं इस्त्रीवालीने, पण ते लाडाने. "चेटके, माझ्यावर कसले थेंब टाकलेस गं?" असं ती पाच वर्षांपूर्वी म्हणाली होती, आणि तेव्हापासून दोघी इस्त्रीच्या दुकानावरच्या एका खोलीत राहत होत्या. लोक त्यांना मैत्रिणी म्हणायचे. इस्त्रीवालीची मावशी म्हणायची, "ज्यांना कळतं त्यांना कळतं, ज्यांना कळत नाही त्यांना मी कशाला समजावू?"

गेल्या महिन्यापासून मात्र त्या खोलीत जणू तिसरं माणूस राहायला आलं होतं. ताई असं म्हणतात, ताई तसं म्हणतात. रोज सकाळी इस्त्रीवाली दिवाताईंकडे जायची. तिथे ताई तिचे दोन्ही हात हातात घेऊन कसलंसं संरक्षणाचं चूर्ण तिच्या तळव्यांना चोळून द्यायच्या. वर एक डबीही दिली होती, दुपारच्या कामाआधी पुन्हा लावायला.

"हात मीही चोळून दिले असते," चेटकीण एकदा म्हणाली होती.

"तू? तू हात धरतेस तो सलाईन लावायचं असल्यासारखा."

त्या दुपारी हॉलमधून घरी आल्यावर इस्त्रीवाली दारातच थांबली. चप्पलही काढली नाही.

"ताई म्हणाल्या, हे पंजे एकाच हाताचे आहेत. बाईचा हात आहे. आणि ती बाई माझ्याच छपराखाली राहते."

"छपराखाली आपण दोघीच राहतो."

"मला मोजता येतं."

"मग मी करणी करते? ड्रायव्हरच्या गुडघ्यावर? मला त्याच्या गुडघ्याचं काय पडलंय?"

"मला माहीत नाही गं!" इस्त्रीवालीचा आवाज फाटला. "डोळ्यांनी पाहिलंय मी, एकदा नाही, चाळीस वेळा. तू रविवारपर्यंत दुसरी खोली बघ. निदान मला काही कळेपर्यंत."

चेटकिणीच्या तोंडातून निघालं ते भलतंच. "माझ्या जागी कोण राहायला येणार? ताई?"

दिवा तिने पहिल्याच दिवशी ओळखला होता. अतिनील प्रकाशाचा. तसाच एक तिच्या प्रयोगशाळेत होता: पाण्याचा नमुना औषध घालून उबवायचा, मग त्या दिव्याखाली धरायचा, निळा उजळला तर पाण्यात मैला आहे. काही पदार्थ त्या प्रकाशात आपोआप चमकतात, हे तिला पाठ होतं. तेव्हा तर्क सरळ होता. दिवाताई अंधारात, दिवा लावण्याआधी, हातचलाखीने कापडावर चमकणारी पूड उमटवतात. बाईचा हात त्यांचाच. मग सिद्ध करायला किती वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून आपला गडद निळा कोट काढला, पारदर्शक पिशवीत घातला, तोंड लाखेने बंद केलं, आणि भर हॉलमध्ये टेबलावर ठेवला.

"पिशवी उघडायची नाही. कुणी हात लावायचा नाही. यावर पंजा दाखवा."

लोकांनी श्वास रोखला. दिवाताई हसल्या. अगदी मनापासून हसल्या, तिथेच चेटकिणीला शंका यायला हवी होती.

दिवा लागला. पिशवीच्या आत, कोटाच्या पाठीवर, पंजा झगमगत होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हॉल पेटला. "हिचाच! हिचाच पंजा हिच्यावर उलटला!" मावशी तेवढी ओरडली, "गप्प बसा रे मेल्यांनो!" पण तिचं कोण ऐकतंय.

"तुझा हात ठेव बघू त्यावर," ड्रायव्हर म्हणाला. चेटकिणीने ठेवला. तिची बोटं पेरभर लांब निघाली.

"करणीचा हात वाहता वाहता आक्रसतो," दिवाताई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या. पाऊस पडला तरी बरोबर, नाही पडला तरी बरोबर, अशी ती विद्या.

पण चेटकिणीला हे ऐकूच आलं नाही. ती पंजाच्या करंगळीकडे पाहत होती. करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली होती. लहानपणी कोळशाची इस्त्री पडून वाकडी झालेली ती करंगळी तिला अंधारातही ओळखता आली असती. ती इस्त्रीवालीची होती.

ती एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर त्या गर्दीने इस्त्रीवालीला दाराबाहेर जाऊ दिलं नसतं. पण गप्प राहिलेलं माणूस शहाणं असतंच असं नाही. दुकानात पोचेपर्यंत तिच्या डोक्यात गोष्ट रचून तयार होती. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं.

"तू सामील आहेस," ती म्हणाली.

इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. "काय?"

"पंजे तुझे आहेत. करंगळी बघितली मी. दोघी मिळून गावाला बनवताय. मला बाहेर काढायचं होतं तर सरळ सांगायचं होतंस, एवढं नाटक कशाला?"

"माझे पंजे?" इस्त्रीवालीचा चेहरा पांढराफटक पडला, मग लाल झाला. "जळकी! सरळ सांग ना, ती माझा हात धरते ते बघवत नाही म्हणून! तुझं विज्ञान-बिज्ञान काही नाही, नुसती पोटदुखी आहे. जा. रविवारची वाटही बघू नकोस."

चेटकीण वर खोलीत गेली. तिच्या कामाच्या पिशवीत प्रयोगशाळेचा दिवा होता. तो तिने परवानगीची चिठ्ठी लिहून आणला होता. तिने पडदा ओढला, दिवा लावला आणि पहिला प्रकाश टाकला तो खुंटीवरच्या ओढणीवर. इस्त्रीवालीच्या काळ्या ओढणीवर. गावातल्या पंजांचा छडा लावण्यासाठी नव्हे. दुसऱ्या कुणाचा हात तिथे आहे का, हे बघण्यासाठी.

होता. खांद्यावर. रुंद तळवा आणि मधल्या बोटाच्या मुळाशी अंगठीची काळी रेघ. दिवाताईंची अंगठी.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच वळली, दिवा हातातच होता, आणि प्रकाश खोलीभर फिरला. दाराची कडी चमकली. पाण्याच्या तांब्यावर चार बोटं. आरशाच्या कडेला अंगठा. कपाटाच्या मुठीवर, खुर्चीच्या पाठीवर, सगळीकडे तीच वाकडी करंगळी. ज्याला लपून पंजे उमटवायचे असतात तो तांब्यावर कशाला उमटवेल?

फळीवर चूर्णाची डबी होती. तिने झाकण काढून दिवा धरला आणि डोळे मिटले, इतका उजेड आला.

साबणात कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जी चकाकी घालतात, तीच ही, नुसतीच आणि भरपूर. एरवी फिकट पिवळी पूड, दिसतही नाही. ती तळव्यांना चोळायची आणि मग इस्त्री करायची. आणि इस्त्रीवालीची सवय गावाला ठाऊक होती: कोट असो की सदरा, घडी घालण्याआधी पाठीवर ती एकदा अख्खा तळवा दाबायची, मुलाची पाठ थोपटावी तशी. पांढऱ्या कापडात साबणाची चकाकी आधीच असते, त्यात पंजा बुडून जातो. काळ्यावर तो उठून दिसतो. आणि गावातलं कुठलं कापड त्या हाताखालून जात नव्हतं? तिचा स्वतःचा कोटसुद्धा. लाख लावली होती, पण इस्त्री कुणी केली, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

खाली धावत जाऊन ओरडून सांगावं, असं तिला वाटलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती थांबली. सांगणार कोण? जळकी. आणि ती जळकी होतीच, ते काही खोटं नव्हतं. आपण दिवा आधी कुठे मारला, ते तिला चांगलं आठवत होतं.

ती दुकानात गेली आणि तिने दिवा व चूर्णाची डबी इस्त्रीच्या टेबलावर ठेवली.

"हा ताईंच्यासारखाच दिवा आहे. मी काही सांगत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

"नाहीच ठेवत."

"बरं. एक हात साबणाने खसखसून धू. दुसऱ्याला डबीतलं चूर्ण लाव. दोन काळी फडकी घे, दोन हातांनी दाब, आणि दार लावून बघ. मी इथे नसेन."

ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. अर्धा तास झाला. मग दार उघडलं.

"मी तीन फडकी घेतली," इस्त्रीवाली म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "मागच्या दाराने मावशीला बोलावलं आणि तिसऱ्यावर तिला चूर्ण लावून हात ठेवायला सांगितला. तिचा पंजा उमटला, सरळ करंगळीचा. मावशी काय करणी करणार, तिला सुईत दोरा ओवता येत नाही." ती थांबली. "म्हणजे चाळीस घरांत माझा हात. आणि मीच पहिल्या रांगेत बसून थरथरत होते."

"गावाला करंगळी सांगायची गरज नाही. चूर्णाचं सांगू. तुझं दुकान..."

"दुकान माझं आहे. बोलणार मीच."

रविवारी हॉल पुन्हा भरला. दिवाताई दिवा उचलणार तोच इस्त्रीवाली टेबलापाशी गेली.

"ताई, दिवा जरा माझ्या हातात द्या."

"परक्या हातात तो विझतो गं."

"काही हरकत नाही. मी माझा आणलाय." तिने प्रयोगशाळेचा दिवा लावला आणि स्वतःचे तळवे त्याखाली धरले. दोन्ही पंजे निळेपांढरे पेटले. "हे बघा. तुमच्या कोटावरचा, सदऱ्यावरचा हात माझा आहे. ही वाकडी करंगळी बघा."

"हीच ती!" दिवाताई कडाडल्या. "स्वतःच्या तोंडाने कबूल झाली!"

गर्दी पुढे सरकली. चेटकीण धक्के मारत टेबलापर्यंत पोचली, पण इस्त्रीवालीने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिने मावशीच्या हातातली बादली घेतली, साबण घेतला, आणि सगळ्यांदेखत उजवा हात घासू लागली. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून. मग दोन्ही हात दिव्याखाली धरले. डावा झगमगत होता. उजवा साधा, सुरकुतलेला, काळपट.

"साबणाने निघाली ती करणी कसली?" ती म्हणाली.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आता ताई, तुम्ही हात पुढे करा."

दिवाताईंनी हात पदराखाली घेतले. तेवढंच पुरेसं होतं, तरी मावशीने ते ओढून बाहेर काढले. दिव्याखाली ते सगळ्यांत तेजस्वी निघाले, अंगठीची रेघ सोडून. मग डबी फिरली, काळी फडकी फिरली, दिवा हातोहात फिरला. शे-दीडशे माणसांनी एकमेकांच्या पाठींवर पंजे उमटवून पाहिले. दिवाताई त्या गडबडीत मागच्या दाराने गेल्या. त्यांचा दिवा टेबलावरच राहिला, आणि तो परक्या हातात मुळीच विझला नाही.

"मग माझा गुडघा?" ड्रायव्हर केविलवाणा झाला.

"हाडांच्या डॉक्टरांना दाखवा काका," चेटकीण म्हणाली. "दिवसभर क्लच दाबता तुम्ही. बाटलीतल्या पाण्याने तो दुखायचा कसा थांबेल?"

"पण तू तर त्या बाईवर जळतच होतीस," ड्रायव्हर म्हणाला. "सगळ्या गावाला दिसत होतं."

चेटकिणीचे कान तापले.

"जळत होते. म्हणूनच तर दिवा माझ्या हातात ठेवला नाही. मी कशी आहे, ताई किती गोड बोलतात, यावरून काही ठरत नाही. मीसुद्धा बंद पिशवी घेऊन आले आणि चुकलेच. वस्तू तपासा. चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, दिवा माझ्या हातात द्या. देत नसेल तर घरी जा."

दोघी घरी चालत निघाल्या. कोपऱ्यावर इस्त्रीवाली म्हणाली, "खोली शोधू नकोस. मी तुला चेटकीण समजले, माफ कर."

चेटकिणीला एवढ्यावर गप्प बसता आलं असतं. "मीही एक केलंय," ती म्हणाली. "दिवा पहिल्यांदा तुझ्या ओढणीवर मारला. तिचा हात आहे का बघायला."

इस्त्रीवाली जागच्या जागी थांबली. "माझे कपडे तपासलेस?"

"हो."

"निघाला?"

"खांद्यावर."

"मग काय सिद्ध झालं?"

"तिने खांद्यावर हात ठेवला होता, एवढंच. बाकी सगळं मी डोक्यात रचलं."

"पाच वर्षं एका ताटात जेवतोय आपण," इस्त्रीवाली म्हणाली, "आणि तुला दिवा लागतो? तोंड नव्हतं तुला? विचारायचं होतंस."

चेटकीण खाली बघत उभी राहिली. उत्तर येईल ते काहीही असो, ते ऐकून घ्यायची तयारी करायला तिला थोडा वेळ लागला. मग तिने मान वर केली.

"विचारते," ती म्हणाली. "तुला ती आवडली होती का?"

इस्त्रीवाली रागातच होती. पण प्रश्न सरळ होता, म्हणून तिने उत्तरही सरळ दिलं.

"तिने हात धरला की बरं वाटायचं," ती म्हणाली. "आवडतेस तू."